नायट्याचं गवत

वरच्या वाडीतल्या गोदा शिवगणच्या उजव्या कोपराखाली रुपयाएवढा फिकट चट्टा उठला, तेव्हा तिने तो पहिल्यांदा चिमाआत्येला दाखवला. चिमाआत्या शेजारच्या घरातली, ऐंशीला टेकलेली. नात्याने ती कुणाचीच आत्या नव्हती, पण सगळी वाडी तिला आत्येच म्हणायची, आणि डॉक्टरकडे जायच्या आधी तिच्याकडे जायची. तिने गोदाचा हात उजेडात धरला, चट्ट्यावरून अंगठा फिरवला आणि निकाल देऊन टाकला.

"नायटा हाय. सड्यावरचं नायट्याचं गवत आन, ठेच नि रस लाव. दोन म्हयन्यांत जाईल."

गोदाने आणलं. पालीच्या बाजारापासून चढत गेलं की वाडी लागते आणि वाडीच्या डोक्यावर सडा आहे, कातळाचं उघडं पठार. उन्हाळ्यात तिथे नुसता कातळ तापतो. पावसाळ्यात मात्र कातळाच्या फटींतून पाणी पाझरत राहतं आणि अशा उपळट जागी, घोटाभर पाण्यात, ते गवत उगवतं. वीतभर उंची, पंख्यासारखी पसरलेली चपटी पाती, मधून वर गेलेली सरळ काडी आणि काडीच्या टोकाला तपकिरी बोंड. गोदाने पाती पाट्यावर ठेचली आणि रस लावला. भाद्रपदात लावला, आश्विनात लावला. सडा सुकल्यावर वाळलेलं गवत खोबरेलात उकळून ते तेल लावलं. दोन महिने गेले, दोन वर्षं गेली. चट्टा तळहाताएवढा झाला.

तिने मनावर घेतलं नाही, कारण तो काही त्रास देत नव्हता. खाज नाही, आग नाही. पोलक्याची बाही जरा लांब शिवून घेतली की झालं.

गोदा तेव्हा त्रेपन्न वर्षांची होती. माहेर सावर्ड्याकडचं. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन ती या वाडीत आली. नवरा रघू मुंबईला, गिरगावातल्या एका खानावळीत आचारी. तो गणपतीला यायचा, शिमग्याला यायचा, मे महिन्यात आठ दिवस यायचा. बाकीचं वर्ष गोदाचं होतं. सासूसासऱ्यांची दुखणी तिने काढली, भात लावलं, नाचणी केली, दीपकला वाढवलं. तो बारावी झाला आणि बापाच्या मागून मुंबईला गेला. रघू घरी आला की गोदाला चुलीपुढून उठवायचा आणि स्वतः बसायचा. "वरीसभर परक्यांस्नी रांधून घालतो, आठ दिस तुला घालतो," म्हणायचा. तांदळाची भाकरी मात्र त्याला कधी जमली नाही. तेवढी तिला थापावी लागायची आणि ती थापताना तो शेजारी बसून तिची चेष्टा करायचा, की खानावळीत असतीस तर पहिल्या दिवशीच काढली असती तुला.

सगळं बंद होतं त्या वर्षी, मे महिन्यात, रघू मुंबईला तापाने गेला. फोन आला तेव्हा गोदा पावसाळ्याच्या बेगमीच्या शेणी पडवीत रचत होती. दीपक म्हणाला, "आये, बाबा गेलं." जायला गाडी नव्हती, परवाना नव्हता. तिथलं सगळं तिथल्याच माणसांनी उरकलं. गोदाने फोन कमरेला खोचला आणि उरलेल्या शेणी रचल्या. मग वाडीतल्या बायका आल्या, रडारड झाली, कुंकू पुसलं गेलं. ती बसून राहिली.

"गोदानं डोळ्यातनं टिपूस काढलं नाय," असं वाडीने पुढे वर्षभर म्हटलं. कुणी म्हणे, काळजाची कठीण. कुणी म्हणे, धक्का बसलाय बिचारीला. गोदाला दोन्ही खरं वाटे. तिला काही होतच नव्हतं. भूक लागली की जेवायची, पाऊस आला की भात लावायची. नात झाली, सानवी, तेव्हा दीपकने व्हिडिओवर बाळ दाखवलं, आणि गोदा आनंद झालेल्या माणसासारखं तोंड करून फोनसमोर धरून राहिली. फोन बंद झाल्यावर तिने तोंड पुन्हा होतं तसं केलं.

म्हणून चट्ट्यानंतर काही महिन्यांनी उजव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट जड पडलं, तेव्हाही तिला नवल वाटलं नाही. आपलं सगळंच तसं झालंय, त्यात ही दोन बोटं. उलट सोयच झाली. चुलीवरचं पातेलं उतरायला सांडशी शोधावी लागेना. हाताची ती कड खाली घालायची आणि उचलायचं.

श्रावणात करुणा मर्चंडे दारात आली. करुणा बौद्धवाडीतली, गावाची आशाताई. घरोघर फिरून अंगावरचे चट्टे शोधायचं काम तेव्हा चाललं होतं.

"काकी, अंगावर कुठं फिकट, लालसर चट्टा? न खाजणारा?"

गोदा तांदूळ निवडत होती. तिने पदर हातावर ओढून घेतला. "नाय गो."

खोटं बोलतोय असंही तिला वाटलं नाही. नायटा हे काय दारात उभं राहून सांगायचं दुखणं! करुणाने वहीत खूण केली, दाराच्या चौकटीवर खडूने आकडा घातला आणि ती पुढच्या घरी गेली. मग गणपती आले. दीपक, सून आणि पाच वर्षांची सानवी आठ दिवस राहून गेली. सानवी गोदाच्या मांडीवर बसून तिच्याच हाताने जेवायची.

गणपती गेल्यावर दुसऱ्या आठवड्यात गोदा गाय घेऊन सड्यावर गेली, तर पाझराच्या जागी एक मुलगी पाण्यात उकिडवी बसलेली. सलवार गुडघ्यापर्यंत दुमडलेली, डोळ्याला भिंग, शेजारी जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा. सडा जांभळ्या सीतेच्या आसवांच्या आणि पांढऱ्या गेंदांच्या फुलांनी भरला होता, आणि ही मुलगी बघत होती ती तपकिरी बोंडं.

"मावशी, तुम्ही इथल्याच ना? याला काय म्हणतात तुमच्यात?"

"नायट्याचं गवत."

मुलीचं नाव नम्रता. घर भाट्याला, कॉलेज रत्नागिरीत. सड्यावरच्या वनस्पतींची यादी करत होती, त्यावर तिची परीक्षा होती. तीनदा येऊन गेली, पण या एका रोपाची ओळख पटत नव्हती. "लव्हाळ्यातलं काहीतरी असेल असं वाटतं," ती म्हणाली. "पण लव्हाळ्याची काडी तिकोनी असते. हिला कोनच नाही." तिने काडी दोन बोटांत फिरवून दाखवली.

"फूल बगितलंस काय?" गोदाने विचारलं.

"याला फूल येतं?"

"पिवळंधमक."

नम्रता हसली. तिला वाटलं, मावशी दुसऱ्याच कशाबद्दल बोलतायत. गोदाने आभाळाकडे पाहिलं. दीड वाजला असेल. "तू उशिरा येतंस बाय. हे दहाला उमलतं नि बाराला मिटतं. आजचं फूल आजच मरतं. उद्या त्याच बोंडातनं दुसरं."

नम्रताची एसटी पालीला साडेबाराला यायची, वर चढून येईपर्यंत एक. तीन फेऱ्या तिने मिटल्या बोंडांपुढे घालवल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी ती पहिल्या गाडीने आली. दोघी पाझराच्या कडेला कातळावर बसल्या. नऊ वाजले, सव्वानऊ वाजले, बोंडं होती तशीच. नम्रता घड्याळ बघत होती. गोदा गाईकडे बघत होती. मग गोदाच म्हणाली, "ते बग."

एका बोंडाच्या खवल्यांमधून पिवळा ठिपका बाहेर आला होता. बघता बघता त्याच्या पाकळ्या सुटल्या. त्याच्या मागे दुसरं, पलीकडे चार. दहा वाजेपर्यंत तो सगळा पाणथळ पट्टा पिवळा झाला. एकेका काडीवर एखादंच फूल, फार तर दोन, चुरगळलेल्या तलम कागदासारखं.

नम्रता भिंग घेऊन ओणवी झाली. सुईने तिने एक फूल उलगडलं आणि मोठ्याने बोलत वहीत लिहीत गेली. "पाकळ्या तीन. मधे केसाळ झुबके. बोंडाचे खवले एकावर एक, माशाच्या खवल्यांसारखे. पाती दोन बाजूंना, पंख्यासारखी." मग ती थांबली आणि वर बघून म्हणाली, "झायरिस! मावशी, हे झायरिस आहे. कुठली जात ते बी सूक्ष्मदर्शकाखाली बघून ठरवीन, पण कूळ नक्की झालं. हे गवत नाही. लव्हाळाही नाही."

"गवत नाय?"

"नाही. दिसतं तसं, एवढंच."

गोदाने मान हलवली. चौतीस वर्षं ती त्याला गवत म्हणत आली होती. आता नाही म्हणतात, तर नाही. मुलीचा चेहरा मात्र फुलला होता. आपल्याला एकेकाळी कशाने असं व्हायचं ते आठवून बघावं, असं गोदाच्या मनात आलं. तिने थोडा वेळ प्रयत्न केला आणि सोडून दिला.

नम्रताने चार रोपं मुळासकट काढून कागदात दाबली, पाकळ्या विरघळून जातील म्हणून दोन फुलं स्पिरिटच्या बाटलीत घातली. मग वहीचं पान उलटून विचारलं, "उपयोग? नायट्यावर लावतात ना? तुम्ही लावलंय कधी?"

"लावतंय की. दोन वरसं."

"मग खाज कमी होते?"

"खाज नव्हतीच कधी."

नम्रताने पेन तसंच धरून ठेवलं. पण गाय तेवढ्यात नाचणीच्या शेताकडे वळली, गोदा तिच्या मागे धावली, आणि ते बोलणं तिथेच राहिलं.

घरी आल्यावर गोदाने चहा टाकला. चहा उकळून वर आला, तेव्हा तिने पातेल्याखाली हाताची कड घातली, अंगठा काठाबाहेर ठेवला आणि पातेलं उचलून जमिनीवर आणलं. सवयीने, गडबड न करता.

"अहो मावशी, भाजेल!" नम्रता पुढे झाली आणि पातेलं सरकवायला तिने हात लावला. "आई गं!" करून तिने बोटं तोंडात घातली.

"मना नाय भाजत," गोदा म्हणाली.

नम्रताने तिचा हात पालथा केला. करंगळीच्या कडेला करवंदाएवढा फोड होता, पाण्याने टरारलेला. त्याच्या खाली जुन्या फोडांचे काळे डाग. गोदानेही तो तेव्हाच पाहिला.

"कधी झाला हा?"

"आजचा नसंल."

नम्रता वनस्पती शिकलेली होती, रोग नव्हे. तिने तो हात हळूच सोडला. चहा अर्धा टाकून उठली. पालीच्या थांब्यावर तिला आशाताईच्या साडीतली करुणा भेटली आणि तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, की ताई, गोदामावशींच्या नायट्याला खाजच नाही, असं कधी होतं का? हे पुढे करुणानेच गोदाला सांगितलं. "माझे पाय तिथंच खिळले काकी. तुमच्या घराच्या चौकटीवर मी माझ्या हातानं 'कुणी नाही' असा आकडा घालून गेले होते."

दुसऱ्या दिवशी सकाळी करुणा आली ती ओटीवर न थांबता आत आली. तिने बाही वर करायला लावली. चट्टा पाहिला. पिशवीतून पेन काढलं.

"काकी, डोळे मिटा. मी पेनाचं टोक लावीन तिथं दुसऱ्या हाताचं बोट ठेवायचं."

गोदाने डोळे मिटले. अंगणात कोंबडी पिलांना बोलावत होती. चिमाआत्येच्या घरात रेडिओ लागला होता. गोदा वाट बघत राहिली.

"लाव ना गो."

करुणा म्हणाली, "चार वेळा लावलं, काकी."

गोदाने डोळे उघडले. पेनाचं टोक चट्ट्याच्या मधोमध टेकलेलं होतं. त्याच्या आजूबाजूला निळे चार ठिपके. ती त्या ठिपक्यांकडे बघत राहिली. दुसऱ्या कुणाचा तरी हात मांडीवर आणून ठेवावा, तसा तो हात तिला दिसला.

"हा नायटा नव्हे," करुणा म्हणाली. "उद्या माझ्याबरोबर पालीला यायचं. डॉक्टर बघतील. औषध आहे याच्यावर, फुकट मिळतं, बरा होतो. घाबरायचं नाही."

दारात चिमाआत्या कधी येऊन उभी राहिली होती कुणास ठाऊक. "रगतपिती?" ती म्हणाली. कुष्ठरोगाचं ते जुनं नाव तिने इतक्या हळू उच्चारलं, की बाहेरच्या कोंबड्यांनीही ऐकू नये. तिच्या मामाला झाली होती. त्याला सड्याच्या टोकाला खोपी बांधून दिली होती आणि भाकरी दगडावर ठेवून बायका मागे फिरायच्या. आत्येने हे सगळं सांगून टाकलं. करुणा तिला गप्प करत होती, पण आत्या थांबेना. शेवटी ती स्वतःच रडायला लागली. "मीच म्हटलं गो नायटा. माज्या अंगठ्यानं चोळून म्हटलं."

"आत्ये, रडू नको," गोदा म्हणाली. "तुला तरी काय ठाव."

तिला स्वतःला भीती वाटली नाही. खोपी डोळ्यांपुढे आली, पण ती चिमाआत्येच्या मामाची खोपी होती. एकच गोष्ट आत कुठेतरी टोचली, तीही उशिराने, करुणा निघाल्यावर. गोदा तिच्या मागे पाणंदीपर्यंत गेली.

"करुणा, सानवीला मी गणपतीत या हातानं भरवलंय."

करुणा वळली. "म्हणूनच तर त्यांनाही सांगावं लागेल, काकी. त्यांची तपासणी होईल, एखादी गोळी देतील. जेवण भरवून होत नाही हा, पण तपासलेलं बरं."

आरोग्य केंद्रात तरुण डॉक्टर होते. त्यांनी चट्टा कापसाने, पेनाने तपासला, कोपराच्या आतली शीर दाबून पाहिली. ती दोरीसारखी जाड झाली होती. करंगळीत कागद धरायला लावून ओढला. कागद सुटला.

"किती वर्षं झाली बधिरपणाला?"

"पाच," गोदा म्हणाली.

डॉक्टरांनी कागदावरून मान वर केली. "चट्टा पाच वर्षांचा आहे?"

"नाय. चट्टा दोन वरसांचा."

"मग पाच कशाची?"

आपण काय बोललो ते गोदाला तेव्हा कळलं. भिंतीवर हाताची चित्रं होती, वाकड्या बोटांची, सरळ बोटांची. ती त्या चित्रांकडे बघत बसली. "मालक गेलं तवापासून," असं ती शेवटी म्हणाली, पण इतक्या पुटपुटत की डॉक्टरांना ऐकू गेलं नसावं. करुणाला गेलं. "दोन वर्षं लिहा, सर," करुणा म्हणाली.

पहिला डोस तिथेच घ्यायचा होता. गोदाने गोळ्या गिळल्या. सहा महिने, महिन्याला एक पाकीट. लघवी लाल होईल, घाबरू नका. गरम भांड्याला हात लावायचा नाही. रोज रात्री बोटं तपासायची, कुठे फोड, चीर आहे का ते डोळ्यांनी बघायचं, कारण हात सांगणार नाही. चट्टा जाईल. गेलेली जाणीव सगळी परत येईलच असं नाही.

"म्हंजे अर्धी येईल?" गोदाने विचारलं.

"आधी आली असतात तर," डॉक्टर म्हणाले आणि पाकिटावर तारीख घालू लागले.

दीपकला तिने त्याच दुपारी पालीच्या थांब्यावरून फोन केला. सगळं नीट सांगितलं, डॉक्टरांनी शिकवलेल्या शब्दांत. तो "बरं," एवढंच म्हणाला. तीन दिवसांनी त्याचा फोन आला, तिघांनाही तपासलं, काही नाही, गोळी दिली. "दिवाळीत यायचं कठीण दिसतंय आये. सानवीच्या शाळेचं हाय काय काय." गोदा म्हणाली, "असूदे." तिला वाईट वाटायला हवं होतं हे तिला कळत होतं. तिने फोन ठेवला आणि गाईला पेंढा टाकला.

आत्येचीही तपासणी झाली. करुणाने पाठीला पेन लावलं तशी ती किंचाळली, "मेले, गुदगुल्या करतंस काय!" अंगणात जमलेल्या बायका हसल्या. त्या हसण्याने वाडीची निम्मी भीती गेली. उरलेली निम्मी तशीच राहिली. हळदीकुंकवाला तर गोदाला कुणी पाच वर्षं बोलवत नव्हतंच. आता गवतकापणीला तिच्याबरोबर जोडीला यायला दोन घरं कां-कूं करू लागली. तिने आपलं गवत एकटीने कापलं. आत्या मात्र रोज संध्याकाळी यायची आणि मुद्दाम, चार जणांना दिसेल असं, तिच्या हातचा चहा ओटीवर बसून प्यायची.

कापणीच्या दिवसांत नम्रता पुन्हा आली. कार्डाच्या जाड कागदावर चिकटवलेलं ते रोप तिने दाखवायला आणलं होतं. काडी, पाती, बोंडं, मुळं सगळं होतं. खाली चिठ्ठी, नाव, ठिकाण, तारीख. "स्थानिक नाव : नायट्याचं गवत." त्यापुढचा "उपयोग" मात्र कोरा होता.

"तुमच्यावरून लिहिता येत नाही मावशी," नम्रता म्हणाली. तिला अवघडल्यासारखं झालं होतं. "तो नायटा नव्हताच ना."

आत्या पायरीवर बसली होती. ती उसळली. "अगो, खऱ्या नायट्याला गुण येतो त्येचा! माज्या पोराच्या मानंचा गेलता. गवतानं काय केलं? वळख माजी चुकली."

नम्रताने आत्येकडून सगळं विचारून घेतलं, पोराचं वय, किती दिवस लावलं, आणि आत्येच्या नावाने लिहिलं. गोदा कागदावरच्या रोपाकडे बघत होती. त्याला फूल नव्हतं. फुलाच्या जागी पिवळट डाग होता, हात पुसल्यासारखा.

पाकिटं एकेक करून संपत गेली. चट्ट्याचा रंग कडेकडेने भरून आला. करुणाने दाखवलेला व्यायाम गोदा करायची, करंगळी तेलात बुडवून सरळ ओढायची. कधी कधी चट्ट्याच्या काठावर मुंगी चालल्यासारखं व्हायचं. बघितलं तर मुंगी नसायची. डॉक्टर म्हणाले, चांगलं लक्षण आहे.

सहावं पाकीट चालू असताना शिमगा आला आणि दीपक आला, एकटाच. पालखी घरी आली, गोदाने नारळ ठेवला, पालखी नाचून पुढे गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी मायलेक जेवायच्या आधी ओटीवर बसली होती. दीपक आल्यापासून तिच्या हाताकडे बघत नव्हता. न बघण्याची त्याची धडपड गोदाला कालपासून दिसत होती. शेवटी तिने बाही वर केली आणि हात त्याच्यापुढे धरला.

"नीट बग. उद्या पोरीच्या अंगावर असलं काय दिसलं, तर तुला वळखता आलं पायजे."

दीपक वाकला. त्याने चट्टा पाहिला, बोट लावलं, काढलं, पुन्हा लावलं. मग तसाच मान खाली घालून म्हणाला, "आये, मी बाबांना नीट बगितलं नाय."

"काय?"

"त्या वक्ताला. हॉस्पिटलच्या गेटावर मना फोनमंदला फोटो दाखवला. तोंडावर नळी, डोळे सुजलेले. इचारलं, हेच काय? मागं मान्सांची रांग होती. मी व्हय म्हटलं. सही केली." त्याने चट्ट्यावरचं बोट काढून घेतलं. "ते बाबाच होते काय, मना आजून ठाव नाय."

समोरच्या आंब्यावर मोहर गळून कैऱ्या धरल्या होत्या. गोदाने त्यांच्याकडे पाहिलं. पाच वर्षं हा मुलगा गणपतीला येत होता, शिमग्याला येत होता, बापाच्या फोटोला हार घालत होता.

"शर्ट कुठला होता?" तिने विचारलं.

"निळा. चौकड्याचा."

"त्येंच्याकडं होता तसला."

"तसले शंभर जनांकडं असतात आये."

"व्हय," गोदा म्हणाली. "तू त्येंचा पोरगा. तू व्हय म्हनलास, मंजे तेच."

"आनि नसले तर?"

दीपक रडायला लागला. तेहेतीस वर्षांचा बाप्या, गुडघ्यांत डोकं घालून, लहानपणी पडून आल्यावर रडायचा तसा हुंदके देऊन. गोदाला रडू आलं नाही. तिने उजवा हात त्याच्या डोक्यावर ठेवला आणि केसांवरून फिरवला. तळव्याच्या अंगठ्याकडच्या अर्ध्या भागाला केस लागले, घामाने ओले, राठ. करंगळीकडच्या अर्ध्याला काहीच लागलं नाही. तिने पुन्हा एकदा फिरवून पाहिला. तेच.

मग तिने तो हात काढून मांडीवर ठेवला आणि डावा हात त्याच्या डोक्यावर ठेवला. त्याचं रडणं थांबेपर्यंत तो तिथेच होता.